एकाच नावाची दोन माणसं

सहावीत असताना मी शाळेत एक भाषण ठोकलं होतं. विषय होता ‘माझं गाव’. गाव म्हणजे आष्टी, जिल्हा बीड. कुठल्याशा पुस्तकात सापडलेलं एक वाक्य मी छाती पुढे काढून म्हटलं होतं, की १८१८ साली पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना याच आष्टीच्या मातीत पडले. टाळ्या पडल्या, बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) चार दिवस ते भाषण येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला लावलं.

पुढे पुण्यात शिकायला आल्यावर कळलं, की ती आष्टी आमची नव्हेच. फेब्रुवारी १८१८ ची ती लढाई झाली सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला, मोहोळच्या बाजूला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’त हुतात्मे झाले ती आष्टी वर्धा जिल्ह्यातली. परतूर तालुक्यात एक आष्टी आहे, ती जालना जिल्ह्यात. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आणखी एक. आणि आमची एक. म्हणजे मी दोन गावांना एक समजून एकाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढवला होता. कंपासपेटी परत करावी का, असा विचार मनात आला होता, पण तोवर ती हरवली होती.

ही गंमत आठवायचं कारण म्हणजे पुढे माझं पोटापाण्याचं काम नेमकं हेच झालं. एका नावाची दोन माणसं आहेत, की एका माणसाची दोन नावं आहेत, हे शोधून काढायचं.

झालं असं, की २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, प्रत्येक ग्राहकाला एकच क्रमांक द्या. एका माणसाची बचत, मुदत ठेव, पीककर्ज, सोनेतारण अशी पाच खाती असतील तरी माणूस एकच दिसला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडच्या बँका खात्याच्या हिशोबाने वाढल्या, माणसाच्या नाही. नवं खातं म्हणजे नवा फॉर्म, नवा फोटो, नवी नोंद. मी ज्या कंपनीत होते तिला एका सहकारी बँकेचं हे काम मिळालं. त्या बँकेच्या काही शाखा आमच्याच भागात होत्या, त्यामुळे साहेबांनी कौतुकाने ते माझ्या गळ्यात घातलं. ‘तुझ्याच गावची माणसं आहेत, तुला कळतील.’

तर मंडळी, आधी थोडं गणित. एक लाख नोंदी असतील आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची म्हटली, तर जवळजवळ ५०० कोटी जोड्या होतात. म्हणून आधी ढीग पाडतात. एका गावचे एका ढिगात, एका आडनावाचे एका ढिगात, आणि ताडून पाहायचं ते फक्त ढिगाच्या आत. पण ढीग पाडायला तरी नाव सगळीकडे सारखं लिहिलेलं पाहिजे ना? इथेच माझ्या तालुक्याचा सगळा इतिहास माझ्यासमोर येऊन बसला.

आमचा तालुका बीड जिल्ह्याच्या पार पश्चिम टोकाला. जिल्ह्याचं गाव बीड, पण बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता सगळं नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर). पिन कोडसुद्धा ४१४ ने सुरू होणारा, म्हणजे नगरचाच. त्यामुळे पत्त्याच्या रकान्यात एकाच माणसाने एकदा ‘जि. बीड’ आणि एकदा ‘जि. नगर’ लिहिलेलं असतं, आणि त्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर असतं. पण १९४८ पर्यंत ही नुसती जिल्ह्याची हद्द नव्हती, दोन राज्यांची होती. पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. माझी आजी पलीकडची. चार कोस बैलगाडीतून नांदायला आली, पण खरं तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली.

तिच्या माहेरी कागद मराठीत. जुने असतील तर मोडीत, तारखा इंग्रजी. सासरी दफ्तर उर्दूत आणि साल फसली. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतं, म्हणजे १९४७-४८ साल ते फसली १३५७. आमच्या कामात एक ग्राहक असा निघाला, ज्याचं जन्मवर्ष १३३५ होतं. संगणकाने त्याचं वय काढलं ६७७ वर्षं! ऑफिसात सगळे हसले. मीच तेवढी हसले नाही, कारण मला कळलं होतं की कुणाच्या तरी घरातल्या जुन्या कागदावरचं साल कारकुनाने प्रामाणिकपणे जसंच्या तसं उतरवलंय. ५९० मिळवा, १९२५ येतं. म्हातारा खराच होता, ६७७ वर्षांचा नव्हता एवढंच.

लिपीची गोष्ट याहून मजेची. उर्दूत ळ नाही आणि ण नाही. शिवाय ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. म्हणून ‘काळे’ दफ्तरात ‘काले’ होतात, ‘बाळू’चा ‘बालू’ होतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, त्यामुळे ‘गिते’ की ‘गीते’ ते वाचणाऱ्याने ठरवायचं. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. मग १९५४-५५ चं खासरा पत्रक झालं, ज्याचा उतारा मराठवाड्यात आजही जमिनीच्या प्रत्येक भांडणात मागतात. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. आजी चुलीपासून हलली नाही, पण तिची तीन राज्यं झाली. आणि दर वेळी नव्या साहेबाच्या नव्या कारकुनाने जुनी नावं आपल्या कानाने ऐकून नव्याने लिहिली.

मग आली बँक आणि संगणक. नावं रोमन लिपीत गेली. रोमनमध्ये ट आणि त एकच, ड आणि द एकच. ‘पोटे’ आणि ‘पोते’ एकसारखेच दिसतात. त्यावरून यंत्राने पुन्हा देवनागरी केली की काळ्यांचे ‘काले’ होतात, कधी ‘कळे’ही होतात. निजामाच्या दफ्तरात गेलेला ळ साठ वर्षांनी पुन्हा गेला! त्यात मराठी फॉन्टांची जत्रा. एका शाखेत एक फॉन्ट, दुसऱ्या शाखेत दुसरा, आणि एकातली अक्षरं दुसऱ्यात उघडली की नुसती खिचडी. युनिकोड आल्यावर तरी सुटका व्हावी, तर तिथेही ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं. डोळ्यांना अगदी सारखं, यंत्राला वेगळं.

आणि बायकांचं काय विचारता! आईचं माहेरचं नाव वेगळं. लग्नात तांदळात अंगठीने लिहून ठेवलेलं नाव वेगळं. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. म्हणजे तीन शब्दांच्या नावातले तिन्ही शब्द बदलले, माणूस तेच. आजोबांनी तिच्या नावाने टाकलेलं पोस्टातलं पुस्तक माहेरच्या नावावर, रेशनकार्ड सासरच्या नावावर. जगातला कुठलाही प्रोग्राम या दोन बायकांना एक म्हणणार नाही. याउलट पुरुषांची नावं इतकी तीच ती, की वेगळ्या माणसांना एक म्हणायचा मोह व्हावा.

हा प्रश्न काही फक्त आपलाच नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ साली एक युक्ती पेटंट केली. नाव कसं लिहिलंय ते सोडा, कसं ऐकू येतं ते बघा. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. याच घराण्यातली साउंडेक्स नावाची पद्धत वापरून तिकडे १९३० च्या दशकात जुन्या जनगणनांच्या चिठ्ठ्या लावल्या गेल्या, कारण म्हाताऱ्यांना पेन्शनसाठी वयाचा पुरावा हवा होता. (म्हातारपण, पेन्शन आणि पुरावा. सगळीकडे तेच.) आम्हीही आमच्यापुरती तशीच युक्ती केली. ळ आणि ल एक धरा, ण आणि न एक, श-ष-स एक, ऱ्हस्व-दीर्घ विसरा. करता करता माझ्या लक्षात आलं, की उर्दू दफ्तराच्या कारकुनाने नाइलाजाने जे केलं, तेच मी पगार घेऊन मुद्दाम करते आहे.

१९४६ साली हॅल्बर्ट डन यांनी एक लहानसा लेख लिहिला. त्यात कल्पना अशी, की प्रत्येक माणूस या जगात आपल्या आयुष्याचं एक पुस्तक तयार करत असतो. जन्माच्या नोंदीने ते सुरू होतं, मृत्यूच्या नोंदीने संपतं. फक्त पानं वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात. ती गोळा करून बांधायची, म्हणजे नोंदी जुळवणं. मला हा लेख फार आवडला होता, भिंतीवर लावावा इतका. पुढे कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब यांनी १९५९ मध्ये हे काम संगणकाने करून दाखवलं. त्यांचा एक मुद्दा महत्त्वाचा: नाव दुर्मिळ असेल तर ते जुळण्याला जास्त किंमत द्या, सर्रास असेल तर कमी. आणि १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर यांनी त्याचं पक्कं गणित मांडलं. त्यात जोड्यांचे ढीग दोन नाहीत, तीन आहेत. नक्की एकच, नक्की वेगळे, आणि तिसरा, सांगता येत नाही. तिसरा ढीग माणसाने डोळ्यांनी बघायचा.

तो तिसरा ढीग आम्ही काढला होता. पण काम मार्चअखेर संपवायचं होतं आणि ढीग मोठा होता. मग बैठकीत ठरलं, की जास्त गुण असलेल्या जोड्या न बघता एक करून टाकायच्या. मी त्या बैठकीत होते. मी ‘नको’ म्हटलं नाही. हे इथे लिहून ठेवते.

२०१३ चा उन्हाळा. आमच्या भागात दुष्काळ किती भयंकर होता ते गावाकडच्यांना सांगायला नको. गुरं छावणीत होती, बाया टँकरमागे धावत होत्या. एका रात्री दादांचा फोन आला.

‘अगं, तुझ्या त्या कॉम्प्युटरनं जित्ता माणूस मारला की!’

भावकीतलाच एक माणूस. खरं नाव देत नाही, समजा ज्ञानोबा तुकाराम. आपल्याकडे वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. त्या घरात दोनच नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून. आजोबा ज्ञानोबा तुकाराम, मुलगा तुकाराम ज्ञानोबा, नातू पुन्हा ज्ञानोबा तुकाराम. म्हणजे आजोबा आणि नातू यांचं आडनावासकट पूर्ण नाव एक. गाव एक. जमीनही तीच, वारशाने आलेली, म्हणून गट नंबर एक. आजोबांच्या जुन्या खात्याला जन्मतारीख नव्हतीच. संगणकात भरताना रकाना रिकामा नको म्हणून कुणीतरी १ जून घातलेलं. नातवाची तारीखही १ जून, कारण आमच्याकडे शाळेत नाव घालताना निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो. साल तेवढं वेगळं होतं, ते आमच्या प्रोग्रामने टंकणाऱ्याची चूक म्हणून सोडून दिलं.

मोठी चूक आडनावात होती. ते आडनाव सगळ्या बँकेत क्वचित आढळणारं, म्हणून जुळल्यावर प्रोग्रामने त्याला भरपूर गुण दिले. पण त्या गावात निम्मी घरं त्याच आडनावाची! दुर्मिळपणा कुठे मोजायचा, बँकेत की गावात, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. तो मला सुचायला हवा होता, कारण मी तिथली होते. त्याचसाठी तर ते काम माझ्या गळ्यात घातलं होतं.

आजोबांच्या बंद पडलेल्या खात्यावर शाखेतल्या कारकुनाने साफसफाई करताना नुकतीच ‘मयत’ अशी खूण केली होती. दोन नोंदी एक करताना आमचा नियम होता, की सर्वांत अलीकडचा बदल धरायचा. सर्वांत अलीकडचा बदल होता मृत्यू. तो नातवाला लागला. खातं गोठलं.

ज्ञानोबा बँकेत गेले तेव्हा त्यांना सांगितलं, तुम्ही मयत आहात, वारसांना पाठवा. ते हसले, मग चिडले, मग रोज जाऊ लागले. सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, जिवंत असल्याचं प्रतिज्ञापत्र. खात्यात त्यांचे कडब्यासाठी ठेवलेले पैसे होते. खातं सुरू व्हायला दीड महिना लागला. तोवर त्यांनी एक बैल विकला होता, दुष्काळात मिळतो त्या भावाने.

मी गावी गेले तेव्हा त्यांच्या घरी जाऊन आले. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या बायकोने चहा केला. ज्ञानोबा एवढंच म्हणाले, ‘ताई, आजाचं नाव मिळालं म्हणून लहानपणी लई मिरवायचो. आता त्याचं मरणबी मिळालं.’ दावणीला एकच बैल होता. मी त्या बैलाकडे बघत चहा प्यायले.

तेव्हापासून या कामाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. यात चुका दोन. एका माणसाला दोन समजणं आणि दोन माणसांना एक समजणं. पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात, जणू जुळ्या बहिणी. प्रत्यक्षात पहिली चूक झाली तर बँकेला बहुधा दोन पत्रं जास्त पाठवावी लागतात. दुसरीत एक माणूस नाहीसा होतो. बँक बुडाली तर आणखी कळतं. ठेवींवरचा विमा १९९३ पासून एका माणसाला एका बँकेत एक लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला. सगळ्या शाखांतल्या एकाच हक्काने ठेवलेल्या ठेवी एकत्र मोजून हा आकडा धरतात. (पतसंस्थांना हे संरक्षण नाही, हे नातेवाईकांनी कृपया पुन्हा एकदा वाचावं.) आता दोन ज्ञानोबांना एक धरलं तर? दोघांत मिळून एकाचाच विमा.

कुणी म्हणेल, आता आधार आहे की. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. दहा बोटं, दोन डोळे, म्हणजे सोंग घेता येत नाही. खरंय, त्याने बरंच सोपं झालं. पण आमच्या तालुक्यातून दर हंगामात ऊस तोडायला जाणाऱ्यांची बोटं बघा. कोयत्याने आणि पाचटाने रेषाच पुसल्यात. यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जासाठी रांगा लागल्या, तेव्हा बँकेतलं नाव, सातबारावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकाच माणसाची आहेत हे पटवता पटवता माणसं मेटाकुटीला आली होती. शिवाय गेलेल्या माणसांना आधार नसतो. ज्ञानोबांच्या आजोबांना कुठून असणार?

आणि गेलेली माणसं तर पुन्हा कामाला लागलीत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू, त्यावर आपल्या घरातच तीन मतं आहेत. पण मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला, आणि घराघरात वंशावळी काढायला बसले लोक. दफ्तरातला तो ‘ज्ञानू वल्द तुका’ म्हणजे आमचाच पणजोबा, हे सिद्ध करायचं. डन यांचं तेच पुस्तक, फक्त शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे.

गेल्या दिवाळीत आमच्याकडेही वंशावळ काढायला बसलो. मी लॅपटॉप घेऊन, दादा पाटावर, आणि शेजारच्या नव्वदीच्या काकू भिंतीला टेकून. एका नावावर गाडी अडली. दोन कागद, नाव एक, साल जवळजवळ एक. मी म्हटलं, हा एकच माणूस दिसतोय. काकूंनी डोळे न उघडताच सांगितलं, ‘दोन व्हते. एक थोरला, देवीत गेला. मंग धाकट्याला त्येचंच नाव ठिवलं.’

मी एक केलेली रेघ खोडली आणि दोन रेघा काढल्या. पहिल्या रेघेखाली कुणीच नाही, ती तिथेच संपते. पण ती आहे.

असो. मुद्दा एवढाच, की तिसरा ढीग टाळू नका. तो बघायला काकूंसारखी माणसं लागतात, आणि ती फार काळ भिंतीला टेकून बसणार नाहीत. तुमच्या घरात एकाच नावाची दोन माणसं असतील, किंवा दोन नावांची एकच आजी असेल, तर विचारून घ्या आणि लिहून ठेवा. पुढचे कारकून आपल्या कानाने ऐकून नव्याने लिहिणारच आहेत.